कृष्णाकांठचा दुसरा रविवार

काशी-रामेश्वराचीं यात्रावर्णनें आमच्या वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील, आणि ज्यांचीं मुलें-नातवंडें परदेशीं आहेत अशा घरांतून तर लंडन-न्यूयॉर्कच्या हकीकतीही आतां नित्याच्या झाल्या आहेत. आम्हांस जो प्रवास सांगावयाचा आहे तो त्या मानानें अगदींच लहान. जाण्याचें अंतर सुमारें चाळीस किलोमीटर, मुक्काम एका रात्रीचाही नाहीं, आणि पाहावयाचीं स्थळें तींच तीं. परंतु सन २०११ पासून हा एकच प्रवास आम्हां भावंडांच्या हातून दीडशेंच्या आसपास वेळां झाला आहे. आणि एकच स्थळ दीडशें वेळां पाहिल्यानें तें कसें दिसूं लागतें हें सांगणारें प्रवासवर्णन निदान आमच्या तरी वाचनांत आलेलें नाहीं.

या प्रवासाचा धनी आमचा धाकटा बंधु. घरांत लहानथोर सर्व त्यास ‘भाऊ’ म्हणतात, तेंच नांव येथें ठेवतों. जन्मतांना श्वास कोंडल्यामुळें त्याच्या मेंदूस इजा झाली. डॉक्टर जिला सेरेब्रल पाल्सी म्हणतात ती ही व्याधि. दोन्ही पाय व उजवा हात ताठ, वाचा जड, परंतु बुद्धि व स्मरण शाबूत. हा भेद लोकांच्या लक्षांत येत नाहीं. ज्याचे शब्द अडखळतात त्याचे विचारही अडखळत असावे असें पुष्कळांस वाटतें. भाऊच्या लहानपणीं, म्हणजे १९७० नंतरच्या चारदोन वर्षांत, अशा मुलास घेणारी शाळा आमच्या गांवीं नव्हती. अक्षरें तो घरींच शिकला. रामरक्षा व अमरकोशाचें पहिलें कांड त्यास पाठ आहे, आणि आमच्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांचीं नांवें आम्ही विसरतों तीं तो वर्षवार सांगतो.

२०१० सालीं आमच्या मातोश्री वारल्या. तोंपर्यंत चव्वेचाळीस वर्षें भाऊचें उठणें, बसणें, न्हाणें त्यांच्याच हातीं होतें. पुढें तें आमच्या कुटुंबाकडे आलें, आणि प्रौढ पुरुषास दिवसांतून सहा वेळां उचलतां उचलतां त्यांची पाठ कायमची धरली. ठेवलेले दोन गडी वर्षाच्या आंत सोडून गेले. तेव्हां माजघरांत सर्व मंडळी बसलीं, मध्यें भाऊस बसविलें, व त्यासच विचारलें. महामार्गालगतच्या एका गांवीं अशा व्यक्तींची आयुष्यभर सोय करणारी एक संस्था आहे. तेथें तो प्रथम आठ दिवस राहून आला व म्हणाला, ‘चालेल.’ ‘एकत्र कुटुंब असून भावास बाहेर ठेवलें!’ हे उद्गार आम्हीं समोरून व पाठीमागून ऐकले आहेत. ते काढणाऱ्यांपैकीं कोणी रात्रीं दोन वाजतां भाऊची कूस बदलावयास आलें नव्हतें, एवढेंच येथें नमूद करतों.

पहिले कांहीं महिने आम्ही भावंडें फळें घेऊन संस्थेंत जात असूं. बैठकीच्या खोलींत तासभर बसावें, प्रकृतीची चौकशी करावी, घरची हकीकत सांगावी व निघावें. चौथ्या कीं पांचव्या खेपेस भाऊनें आम्हांस थांबविलें. एकेक शब्द जुळवावयास त्यास श्रम पडतात, म्हणून त्याचीं वाक्यें नेहमींच तोकडीं व नेमकीं असतात. तो म्हणाला, ‘दादा, भेटूं नको. ने.’ कोठें नेऊं म्हणून विचारलें, तर म्हणाला, ‘घाटावर.’

त्या दिवसापासून महिन्याचा दुसरा रविवार ठरला. एक महिना आमचा, एक पुण्याच्या मधल्या बंधूंचा, एक साताऱ्याच्या भगिनीचा. कोणाच्या पाळीस विघ्न आलें तर बदली माणूस देण्याची जबाबदारी त्याची. तारीख मात्र हालवावयाची नाहीं. खर्च तिघांत. संस्थेंतील व्यवस्था चांगली आहे, तेथल्या मावश्या मायाळू आहेत. परंतु तेथले वार सारखे, सोमवार व गुरुवार यांत भेद तो काय भाजीपुरता. अशा ठिकाणीं राहणाऱ्या माणसास ‘येऊं केव्हां तरी’ असें सांगून निघणें फार कठोर होय. भाऊच्या भिंतीवर दिनदर्शिका आहे. नव्या वर्षाची आली कीं तो डाव्या हातानें बाराही दुसऱ्या रविवारांवर फुल्या मारून ठेवतो.

सकाळीं आठाच्या सुमारास संस्थेच्या वहींत सही करून निघावयाचें. आरंभीं आम्ही सार्वजनिक मोटारीनें जाऊन पाहिलें. दिव्यांगांस भाड्यांत मोठी सवलत असते हें खरें, परंतु गाडीची पहिली पायरी गुडघ्याइतकी उंच ती उंचच. म्हणून पुढें भाड्याची मोटार ठरविली. चाकांची खुर्ची घडी करून मागें ठेवतां येते. खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्यास वळलें कीं भाऊ कांच खालीं करावयास सांगतो. तेथून वाईपर्यंत रस्त्याच्या दुतर्फा जुने वड आहेत. पारंब्यांची कमान डोक्यावर येते, ऊन तुकड्या-तुकड्यांनीं अंगावर पडतें, व मोटारींतील हवा एकदम बदलते. वडांकडे भाऊचें लक्ष इतकें असतें कीं एखादी फांदी तोडलेली असली तर आमच्या अगोदर त्यास दिसते. मागें एकदां त्यानें गाडी थांबवावयास लाविली व एका रिकाम्या जागेकडे बोट केलें. तेथें वड होता हें आम्हांस, जन्मभर वाईंत राहून, सांगतां आलें नसतें.

वाईस लोक दक्षिण काशी म्हणतात. कृष्णेस येथें घाटामागून घाट बांधलेले आहेत, व त्यांपैकीं सर्वांत गजबजलेला तो गणपतीचा. अठराव्या शतकांत रास्त्यांनीं हें मंदिर बांधविलें. आंतील मूर्ति एवढी विशाल आहे कीं तिला ढोल्या गणपति हेंच नांव पडलें. परंतु बांधणाऱ्याचें खरें चातुर्य पाहावयाचें तर मागें जावें. मंदिराची मागील भिंत माशासारखी निमुळती व टोकदार काढलेली आहे. पुराचें पाणी तिच्यावर आदळलें कीं फाटून दोन्ही अंगांनीं निघून जातें. प्रतिवर्षीं कृष्णामाई येऊन जाते आणि मंदिर जागच्या जागीं असतें. शेजारींच काशीविश्वेश्वराचें मंदिर, व त्यापुढें काळ्या दगडाचा तुळतुळीत नंदी. त्याच्या गळ्यांतील माळा शिल्पकारानें इतक्या बारकाईनें कोरल्या आहेत कीं हात लावल्यावांचून राहवत नाहीं.

हें सर्व कोणत्याही माहितीपुस्तकांत मिळेल. चाकांच्या खुर्चीमागें उभें राहून मात्र वाई निराळी दिसूं लागते. ज्या फरशांवरून आम्ही साठ वर्षें वहाणा वाजवीत गेलों, त्यांतील कोणती कलती आहे, कोणत्या सांध्यांत पुढचें लहान चाक अडकतें, कोणत्या आळींतून गेल्यास दोन पायऱ्या चुकतात, हें आम्हांस भाऊमुळें कळलें. घाट हा शब्दच पायऱ्यांचा आहे. तेव्हां पाण्यापर्यंत जाणें सुटलें. परंतु वरच्या फरसबंदीवर एक जागा अशी सांपडली कीं तेथून नदी, मंदिराचें शिखर व कपडे धुणाऱ्या बायका सर्व एकदम दिसतात आणि दहानंतर सांवलीही येते. ती भाऊची जागा. देवदर्शनास उचलून न्यावयास चार हात नेहमींच पुढें येतात, वाईच्या लोकांचा तो गुणच आहे. पण पुष्कळदां ते न विचारतांच खुर्चीस हात घालतात व भाऊ दचकतो. ‘उचलूं का?’ एवढे दोन शब्द अगोदर उच्चारावे, ही विनंती आम्ही आतां सर्वांस करतों. तो कधीं हो म्हणतो, कधीं नाहीं. नाहीं म्हणाला कीं बाहेरूनच हात जोडतो. त्या दिवशीं गणपतीहून नदीकडे त्याचें मन अधिक आहे असें आम्ही समजतों.

एकदां आम्ही चहा आणावयास गेलों असतां एका परगांवच्या भाविकानें परततांना भाऊच्या मांडीवर दहा रुपयांचें नाणें ठेवलें व नमस्कार करून तो चालूं लागला. आम्ही आलों तों फुलांची पाटी घेऊन बसणाऱ्या मावशी त्या गृहस्थामागून ओरडत होत्या, ‘आवं, आमच्या वाईचं भाऊ हायेत ते! मागत्यात व्हय?’ गृहस्थ ओशाळले. आम्हांसही राग आलाच होता. भाऊ मात्र हंसत होता. त्यानें त्या नाण्याचे भाजलेले शेंगदाणे आणविले व मावशींस, आम्हांस व त्या गृहस्थांसही मूठमूठ दिले.

‘आमच्या वाईचं भाऊ’ या शब्दांचा आम्हीं पुढें पुष्कळ विचार केला. संस्थेंत राहणाऱ्या माणसास अन्न मिळतें, औषध मिळतें, निवारा मिळतो. जातें तें ओळखीचें गांव. ज्यास रस्त्यांत कोणी ‘काय, बरेच दिवसांत दिसलां नाहीं’ म्हणत नाहीं, तो कितीही सुखांत असला तरी कोठलाच राहत नाहीं. वर्षांतून एकदां थाटानें कोठें तरी नेलें तर तो तेथें पाहुणा. महिन्याच्या महिन्यास त्याच जागीं नेला तर दोनतीन वर्षांत तो गांवकरी होतो. चहावाल्यास त्याचा चहा बशींत व निवून द्यावयाचा हें न सांगतां ठाऊक असतें. म्हणूनच नवनवीं स्थळें दाखविण्याचा मोह आम्हीं आवरला. माघाच्या सुमारास येथें घाटाघाटावर पाळीपाळीनें कृष्णाबाईचा उत्सव होतो. त्या गर्दींत भाऊची खुर्ची नेली कीं आम्हांस न ओळखणारे दहा लोक त्यास हांक मारतात. गांवांत चाळीस वर्षें मास्तरकी केली ती आम्हीं, पण असो.

दुपारचें जेवण घरीं. येथें थोडें रूक्ष लिहिणें भाग आहे, कारण सहल ठरते ती स्थळांच्या शोभेवर नव्हे, शौचकूपाच्या दारावर. खुर्ची आंत जाईल असें स्वच्छतागृह वाटेंत नसेल तर माणूस सकाळपासून पाणी पिणें टाळतो, व तसें तहानलेलें राहून पाहिलेल्या देखाव्यांत गोडी ती काय? आम्हीं घरचें एक दार काढून तीन फूट रुंदीचें केलें, आंत कमोड व भिंतीस धरावयास दांडी बसविली. उंबरा सहा इंच. त्याला सहा फूट लांबीची फळी. सुताराचें म्हणणें दोन फुटांची पुरेल, पण एक इंच चढण्यास एक फूट उतार असें सरकारी मार्गदर्शक तत्त्वांतील प्रमाण आहे व तें अनुभवानेंही बरोबर ठरतें. याहून आंखूड फळीवर ढकलणाऱ्याची छाती भरते आणि बसणाऱ्याचा जीव घाबरतो.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा अधिनियम २०१६ सालीं झाला. त्यांत एकवीस प्रकारांच्या दिव्यांगता धरल्या आहेत, आणि शिक्षण व नोकरी यांबरोबर सांस्कृतिक जीवन व मनोरंजन हाही हक्क म्हणून सांगितला आहे, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. नियम निघाल्यापासून पांच वर्षांत सर्व सार्वजनिक इमारती सुगम कराव्या असें त्यांत आहे. नियम २०१७ सालीं निघाले; म्हणजे ती मुदत २०२२ सालीं संपली. दोनशें-अडीचशें वर्षांपूर्वींच्या पायऱ्या कोणी फोडाव्या असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु कडेनें एक लांकडी उतार, दोन दांड्या व एक रुंद दार एवढ्यानें कोणत्या प्राचीन वास्तूचें सौंदर्य बिघडणार आहे?

जेवून वामकुक्षी झाली कीं उन्हें उतरतां मेणवलीस जातों. वाईहून तीन किलोमीटर. नाना फडणविसांचा वाडा, मागें चंद्रकोरीसारखा वळलेला घाट, आणि लहानशा देवळींत टांगलेली ती प्रसिद्ध घंटा. १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं वसई घेतली तेव्हां पोर्तुगीजांकडून ज्या घंटा आल्या त्यांतली ही, असें सांगतात. तीवर मेरी व बालक येशू यांची आकृति आहे. ख्रिस्ताच्या आईची घंटा शंकराच्या दारीं निर्वेधपणें नांदते आहे हें पाहून भाऊस दरवेळीं नवल वाटतें. हल्लीं येथें येणारी तरुण मंडळी नानांचें नांव न काढतां २००४ सालच्या ‘स्वदेस’ या बोलपटाचें काढतात, कारण त्यांतील कांहीं दृश्यें या घाटावर घेतलीं. प्रथम आम्हांस खंत वाटे. मग कळलें कीं भाऊनें तो बोलपट संस्थेंत चार वेळां पाहिला आहे व कोणतें दृश्य कोणत्या पायरीवरचें हें तो अचूक दाखवितो. तेव्हांपासून खंत सोडली.

पावसाळ्यांत घाट निसरडे होतात, रबरी चाकें धरीत नाहींत. त्या महिन्यांत धोमकडे वळतों व धरणाचें पाणी गाडींतूनच पाहतों. हिंवाळ्यांत एखादी खेप पसरणीचा घाट चढून पांचगणीस, आणि तेथून भिलारास. भिलार हें २०१७ सालापासून ‘पुस्तकांचें गांव’ झालें आहे; घराघरांतून कपाटें मांडून ठेविलीं आहेत, कोणीही जावें, बसावें, वाचावें. भाऊ एका पडवींत बसून वाचतो, आम्ही पानें उलटतों. तो वाचण्यांत आमच्याहून मंद आहे, पण पान संपल्याखेरीज उलटूं देत नाहीं. आम्ही मात्र मधलें वर्णन गाळीत असल्याचें त्यास पक्कें ठाऊक आहे.

मार्च २०२० मध्यें टाळेबंदी आली व संस्थेचें दार बाहेरच्यांस बंद झालें. तें योग्यच होतें. एकाच छपराखालीं इतके अशक्त जीव. आमच्यापैकीं जो वाईंत असेल त्यानें दुसऱ्या रविवारीं घाटावर जाऊन मोबाईलमधून भाऊस नदी दाखवावी असें ठरलें. सातआठ महिने तसें केलें. एके दिवशीं तो म्हणाला, ‘बंद कर. वास नाहीं.’ त्यानंतर आम्ही नुसतें बोलत असूं. २०२१ च्या अखेरीस पुन्हां बाहेर पडलों तों त्याचे पाय अधिक आंखडले होते, आणि माणसांची त्यास भीति बसली होती. पहिले तीन रविवार तो गणपतीपुढें गाडींतच बसून राहिला. आम्हीं आग्रह केला नाहीं. चहा गाडींत आणून दिला व परत फिरलों. चौथ्या वेळीं खुर्ची काढावयास सांगितली, जागेवर गेला, आणि फुलांच्या पाटीकडे पाहून म्हणाला, ‘मावशी?’ पाटीमागें त्यांची सून बसली होती. दुसऱ्या लाटेंत मावशी गेल्या. सुनेनें तें सांगितलें, मग विचारलें, ‘तुमीच भाऊ न्हवं? आत्याबाई बोलायच्या तुमचं.’ भाऊ त्या दिवशीं पुढें कांहीं बोलला नाहीं. निघतांना त्यानें शेंगदाणे आणविले व त्यांतली एक मूठ त्या पाटीवर ठेवावयास लाविली.

आतां आमचे गुडघे दुखतात; मधल्या बंधूंस दम लागतो; भगिनी आमच्याहून वडील आहेत. भाऊ सर्वांत धाकटा, तेव्हां या प्रवासांत मागें कोण उरणार हें उघडच आहे. मालमत्तेची तरतूद कागदावर करतां येते व ती आम्हीं केली आहे. रविवारांची कागदावर करतां येत नाहीं. पुढच्या पिढीशीं याविषयीं स्पष्ट बोलावें कीं न बोलावें, यावर भावंडांत दोन वर्षें मतभेद होता. ‘मुलांवर ओझें टाकूं नये’ असें भगिनीचें म्हणणें. शेवटीं तिच्याच मुलानें, न विचारतां, चौथी पाळी आपणांस मागून घेतली.

त्याची पद्धति निराळी. पहिल्याच वेळीं तो भाऊस पुण्याच्या एका भव्य मॉलमध्यें घेऊन गेला. आम्हीं नाक मुरडलें होतें. पण तेथें खुर्ची रस्त्यावरून थेट आंत गेली, उद्वाहनानें तीन मजले चढली, स्वच्छतागृह आमच्या घरच्याहून सोयीचें निघालें, आणि सबंध दिवसांत कोणी भाऊच्या मांडीवर नाणें ठेवलें नाहीं. ज्या बाजारी वास्तूंची आम्ही शिक्षक मंडळी निंदा करतों तेथें माझ्या भावास कोणाचेही चार हात लागले नाहींत, हें कबूल केलेंच पाहिजे. भाऊस ती जागा आवडली. दोन खेपा तो तेथेंच गेला. तिसऱ्या वेळीं भाच्यानें विचारलें, ‘भाऊमामा, कोठें?’ उत्तर ‘घाट’ असें आलें.

मग भाचा आमच्याकडे वही मागावयास आला. कोणत्या आळींतून शिरावें, कोणती फरशी चुकवावी, मेणवलीस गाडी कोठें उभी करावी, चहा किती निवूं द्यावा, हें सर्व आम्हीं पूर्वींच लिहून ठेविलेलें आहे. त्यानें तें पानापानानें मोबाईलमध्यें टिपून घेतलें. भाऊ शेजारींच होता. त्यानें दोन ठिकाणीं आमच्या चुका काढल्या. पैकीं एक, वडांची संख्या.